पेटीतल्या तीन सुऱ्या

आमच्या घरात स्टेनलेसची सुरी फार उशिरा आली. त्याआधी तीन सुऱ्या होत्या, तिन्ही गंजणाऱ्या पोलादाच्या. काम झालं की लगेच धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, बोटभर खोबरेल पात्याला लावायचं आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. एवढं केलं नाही तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके उठलेले असायचे आणि आईचा पहिला शब्द त्यावरूनच सुरू व्हायचा. लिंबू चिरलं की पातं काळवंडायचं, कच्ची केळी चिरली की चिकानं जांभळट व्हायचं. आमच्या वाडीत केळी भरपूर, त्यामुळे सुऱ्यांचा मूळ रंग कोणता हे मला लहानपणी माहीतच नव्हतं. या सुऱ्या आजोबांच्या. ते मुंबईत एका साहेबाकडे स्वयंपाकी होते आणि साहेब विलायतेला परत गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्यांना देऊन गेला. मोठीचं पातं दहा इंच, मधलीचं सात, धाकटीचं साडेतीन. ही मापं मी नंतर घेतली. सुऱ्या घरात होत्या तेव्हा कोणी घेतली नव्हती, आणि पुढे सगळं अडलं ते तिथंच.

सांगायचं ते माझा भाऊ पास्कूविषयी. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि डावखुरा. लहानपणी जेवताना आई त्याच्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायची, असं ती स्वतःच सांगायची आणि सांगताना हसायची. शेवटी तो उजव्या हातानं जेवायला शिकला, बाकी सगळं डाव्यानं. मुंबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याला काम लागलं तेव्हा सुट्टीत घरी आल्यावर त्यानं आजोबांच्या सुऱ्या मनावर घेतल्या. मुठी खिळखिळ्या झाल्या होत्या, त्या पक्क्या केल्या. मग विहिरीच्या कट्ट्यावर निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, मांडून बसला. आजोबा उजव्या हाताचे. त्यांनी इतकी वर्षं घासून धारेचा उतार उजव्या अंगाला पाडला होता, आणि पास्कूच्या हातात मोठी सुरी भाजीत शिरली की बाजूला पळायची. त्यानं सगळी सुट्टी घासून उतार डाव्या अंगाला आणला आणि उजवं अंग सपाट केलं. झालं, आता ती आईच्या हातात पळायला लागली. दुधीचा काप वरून जाड आणि खाली येईतो कागदासारखा. आई चिडली. पास्कू म्हणायचा, सुरी सरळ आहे आये, तुझा हात उलटा आहे. या एका वाक्यावर त्यांची किती भांडणं झाली असतील. आई रागानं विळी ओढून बसायची आणि तो डाव्या हातानं सुरी चालवत तिच्या दुप्पट कांदे चिरून दाखवायचा.

घरात आम्ही आमची बोली बोलायचो. तिच्यात आईबापालाही तूच म्हणतात आणि नवराबायकोही एकमेकांना तूच म्हणतात. ती जशीच्या तशी इथं लिहिली तर आमच्या निर्मळ गावाच्या बाहेरचा वाचक अडखळेल, म्हणून मी ती थोडी सोपी केली आहे. फक्त 'आये' आणि 'बा' हे शब्द बदलता येत नाहीत.

पास्कूला बोटीवर स्वयंपाक्याची नोकरी लागली आणि तो तिन्ही सुऱ्या घेऊन गेला. आजोबांच्या वस्तूवर त्याचाच हक्क, हे सगळ्यांना मान्य होतं. निघायच्या आदल्या दिवशी घरात मटणाचं इंद्याल शिजलं, मैद्याचे फुगे तळले, आणि त्यासाठीचं सगळं कापणं त्यानंच केलं. नंतर आईनं बाजारातून एक स्टेनलेसची सुरी आणली. ती कधी गंजली नाही आणि तिनं कधी नीट कापलंही नाही.

मग बातमी आली. मुंबईच्या कचेरीतला एक माणूस स्वतः घरी येऊन सांगून गेला. भला माणूस होता, चहाला हात लावला नाही. पास्कू एका सकाळी बोटीवर सापडला नाही. समुद्र खवळलेला होता, शोध घेतला, मिळाला नाही. बानं विचारलं, म्हणजे गेला का? तो माणूस म्हणाला, आम्ही बेपत्ता असं लिहितो. आईनं तो शब्द धरून ठेवला. आत्म्याच्या शांतीची मिस्सा मेलेल्या माणसासाठी असते, बेपत्ता माणसासाठी नसते, असं तिनं फादरांना तोंडावर सांगितलं. फादर दोनदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा त्यांनी विषय काढला नाही. शेजारच्या बायका आमच्या दारात आल्या की त्यांना कळायचं नाही, सांत्वन करायचं की पास्कूची खबर विचारायची. मग त्या केळ्यांचा भाव विचारायच्या. सगळ्या मृतांच्या दिवशी गाव देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलं, तेव्हा आईनं आजोबांच्या कबरीपुरतीच मोजून मेणबत्ती दिली. बानं खिशात आणखी एक ठेवली होती. ती त्यानं परत आणून घरातल्या आल्तारच्या खणात ठेवली, हे मी पाहिलं.

घर त्या वर्षात कसं होतं ते सांगणं कठीण आहे. कोणी रडत नव्हतं. संध्याकाळची प्रार्थना व्हायची आणि शेवटी प्रवासात असलेल्यांसाठी जी विनंती करतात तिथं आई आवाज चढवायची. बाचा आवाज तिथंच बसायचा. मी त्या दोघांच्या मध्ये गुडघे टेकलेली असायची आणि मला एका कानात एक मुलगा जिवंत आणि दुसऱ्या कानात मेलेला ऐकू यायचा.

पेटी आली ती पावसाळ्याच्या तोंडाला. पत्र्याची, वर पास्कूचं नाव पांढऱ्या रंगात. उघडली तर आत एक जाड स्वेटर, जो आम्ही कधी पाहिला नव्हता. बूट, जे पास्कूच्या पायाला मोठे झाले असते. आईनं दिलेली जपमाळ नाही. तळाला गोणपाटासारख्या जाड किलतानाच्या ओल्या फडक्यात एक जड गठ्ठा. बानं तो सोडला. तीन पाती एकमेकांवर गंजून एक झाली होती, वीट असावी तशी. खाऱ्या पाण्यात भिजून तशीच बांधून ठेवलेली असणार. मुठी पांढऱ्या लाकडाच्या, त्यावर दोरी गुंडाळलेली. पास्कू गेला तेव्हा मुठी काळ्या लाकडाच्या होत्या.

आई म्हणाली, ही त्याची पेटी नाही. कोणा दुसऱ्या पोराच्या वस्तू याच्या पेटीत भरल्या आहेत. मी म्हटलं, तीन सुऱ्या नेल्या होत्या, तीनच आल्या आहेत. ती म्हणाली, तीन सुऱ्या कोणाकडेही असतात. मी कंपासपेटीतली पट्टी आणून लांबी मोजली. तेव्हा मी अकरावीला होते आणि मोजल्यानं गोष्टी ठरतात अशी माझी समजूत होती. पण ताडून पाहायला जुनं माप कुठं होतं? पुढे मी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरी केली. तिथं हाच नियम भिंतीवर लिहिलेला असल्यासारखा सगळ्यांच्या तोंडी असायचा, की तुलनेला काही नसेल तर माप हा नुसता आकडा. मला तो कोणी शिकवावा लागला नाही. बानं गठ्ठा हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि परत बांधून पेटी माळ्यावर चढवली.

पेटीनं माळ्यावर गप्प राहायचं कबूल केलं नाही. पावसाची हवा सुरू झाली तसं स्वयंपाकघरात एक थेंब पडू लागला. कौलं कोरडी होती, बानं वर चढून पाहिलं. थेंब पेटीच्या तळातून यायचा, तपकिरी, आणि जिभेला लावला तर खारट. किलतानात मुरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढत होतं, एवढंच त्यात होतं. मिठागराजवळचं कोणतंही पोर ते सांगेल, आणि मलाही ते कळत होतं. पण भाकरी थापताना पाठीमागे शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो टप् असा आवाज व्हायचा आणि आईचा हात थांबायचा. बानं पेटीखाली पत्रा सरकवला तर थेंब पत्र्यावर पडून मोठ्यानं वाजायला लागला. पाहुणे आले की आम्ही जरा जोरात बोलायचो. जमिनीवर एक तांबडा डाग पडला, तो सारवला तरी वर यायचा. अजूनही कधी नळ गळत असला तर मी स्वयंपाकघरात बसू शकत नाही. माझ्या सुनेला वाटतं, मला पाण्याची फार काळजी.

एक दिवस आई म्हणाली, कोणाचं तरी पोर रडतंय ते. आपण दुसऱ्याची वस्तू धरून बसलोय म्हणून रडतंय. ती परत पाठवायची. आणि मग तिनं जे ठरवलं ते आमच्याकडची कोणतीही बाई ठरवेल असंच होतं. आमच्यात दुसऱ्याचं भांडं परत करताना घासून, पुसून करतात. लग्नघरी नेलेली परात, शेजारून आणलेला टोप, काही असो, आपल्या घरून मळकं जात नाही. तेव्हा कोणा परक्या आईच्या मुलाच्या सुऱ्या अशा गंजलेल्या कशा पाठवायच्या? त्या साफ करायच्या, धार लावायची, आणि मग बानं त्या मुंबईच्या कचेरीत नेऊन द्यायच्या. ज्याच्या आहेत त्याच्या घरी जातील. काम मला सांगितलं, कारण तिची नजर अधू झाली होती.

मी गठ्ठा घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसले, तसा बा वाडीतून आला. त्याच्या हातात दोऱ्या वळायला केळीच्या खोडाची सोपटं होती. तो माझ्यापासून थोडा लांब बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "घासू नकोस, फिलू. गंज आहे तोवर तिला झोप लागते."

मी म्हटलं, तिनं सांगितलंय. तो म्हणाला, सांगू दे. वेळ लाव. तेल नाही म्हण, निसणा सापडत नाही म्हण. मला तेव्हा त्याचा राग आला. मला वाटलं, याला मिस्साही हवी आणि खरंही कळायला नको. मला तर कळायला हवं होतं. दोन कानांतले दोन मुलगे मला सोसवत नव्हते.

गठ्ठा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. रोज थोडा गंज सुटायचा आणि पातेल्याच्या तळाला चिखल जमायचा. मग पोफळीच्या कांबीचे पातळ तुकडे तासून पात्यांमध्ये हळूहळू ठोकले, कारण लोखंडानं उचकटलं असतं तर पातं मोडलं असतं. आधी धाकटी सुटली, मग मधली. सुटताना त्यांचा दात ओढल्यासारखा आवाज झाला. पुढे चिंच आणि विटेची भुकटी. सुंभाचा बोळा करून लांबीच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही, नाहीतर ओरखडे उमटतात. हे पास्कूलाच करताना पाहिलं होतं. तांबडं गेलं की खाली काळं लागतं, आणि ते काळं खरवडून काढायचं नसतं, तेच पोलादाला सांभाळतं. ठिकठिकाणी गंजानं खड्डे पाडले होते. मोठीचं पातं मात्र दोन्ही पात्यांखाली दबून राहिल्यामुळे बरंच वाचलं होतं. तिच्यावर करडा रंग आला, नंतर निळसर, आणि एका सकाळी घासता घासता त्यात माझा चेहरा दिसला, अगदी ओळखू येईल इतका नाही, पण कोणीतरी आहे एवढं.

मी तिला निसण्यावर हलकी धार दिली, पुसली आणि धार डोळ्यांसमोर आडवी धरली. उजवं अंग सपाट होतं. सगळा उतार डावीकडे. मी ती फिरवून पाहिली, उलटी धरून पाहिली, मूठ माझ्याकडे, टोक माझ्याकडे. कसंही मोजलं तरी उत्तर बदलत नव्हतं. मान वर केली तर बा केळीच्या रांगेत उभा होता. मी काय पाहिलं हे त्याला कळलं होतं. त्यानं मान हलवली, नको, एवढीच. आईला तो उतार दिसणार नव्हता. मी गप्प राहिले असते तर सुऱ्या कचेरीत गेल्या असत्या, कुठल्यातरी कपाटात पडल्या असत्या, आणि आई प्रवासातल्यांसाठी आवाज चढवत म्हातारी झाली असती. काय करायचं हे मी ठरवलं होतं असं मला म्हणता येणार नाही. तेवढा वेळच मिळाला नाही.

आई दाराशी आली आणि म्हणाली, झाली का? आण इकडे. बोथट सुरी कोणाला द्यायची नसते. तिनं सुरी घेतली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, समाधान झाल्यासारखा चेहरा केला आणि परसातून तोडून आणलेला दुधी पाटावर ठेवला. मी मागे उभी राहिले. बा उंबऱ्यापर्यंत आला.

पहिला काप वरून जाड, खाली पातळ पडला. तिनं तो उचलून पाहिला आणि बाजूला ठेवला. दुसरा तसाच. तिसऱ्याला तिनं हात मुद्दाम सरळ धरला, मनगट ताठ केलं, सावकाश दाबलं, आणि पातं तिच्या हातातून उजवीकडे निघून गेलं. ते तीन काप तिनं पाटावर एकाशेजारी एक मांडले. मग सुरी डाव्या हातात घेतली. तो हात सुरी धरायला शिकलेला नव्हता. काप पडला तो वरपासून खालपर्यंत एकसारखा.

तिनं मागे न बघता विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मला वाटलं, मला विचारतेय. पण बा म्हणाला, "हो."

"कधीपासून?"

"पेटी उघडली तेव्हापासून." मग त्यानं सांगितलं, मधल्या सुरीच्या टाचेला, मुठीजवळ, एक खाच आहे. ती त्याच्याच हातानं पडली होती, सुरीनं नारळाची करवंटी फोडायला गेला तेव्हा. आई ओरडेल म्हणून त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं, पास्कूला तेवढं माहीत होतं. गंजलेल्या गठ्ठ्यातही ती खाच त्याच्या बोटाला लागली होती. मुठी पोरानं बोटीवर बदलल्या असणार, असं तो म्हणाला.

आई म्हणाली, "मग मला एवढं थांबवलंस कशाला?"

"तू थांबली होतीस," बा म्हणाला. "मी नुसता सोबत होतो."

आईनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती म्हणाली, करवंटी फोडायला कोयता नव्हता का घरात. आणि मग, फादरांना निरोप दे.

मिस्सा झाली. सगळा गाव आला, वर्षभर केळ्यांचे भाव विचारणाऱ्या बायका पोटभर रडल्या, त्यांचंही राहून गेलं होतं. कबर नव्हती, म्हणून आजोबांच्या कबरीवरच पास्कूचं नाव कोरलं. आल्तारच्या खणातली मेणबत्ती बानं तिथं लावली. मला वाटलं होतं की आता घर मोकळं होईल. खरं कळलं की माणूस मोकळा होतो असं मी तेव्हा धरून चालले होते. पेटी रिकामी झाली आणि थेंब थांबला, हे खरं. पण माळ्याखालून जाताना मी अजून मान तिरकी करायची, आणि आईही करायची.

सुऱ्या अर्थात कुठं पाठवल्या नाहीत. आईनं स्टेनलेसची सुरी कोणाला तरी देऊन टाकली आणि मोठी रोजच्या कामाला काढली, डाव्या हातानं. मी म्हटलं, उतार फिरवता येईल, मी निसण्यावर घासून देते, सुट्टी आहेच. ती म्हणाली, हात लावू नकोस. पहिले काही आठवडे तिची बोटं सारखी कापलेली असायची, त्यावर हळद. कांदा चिरायला इतका वेळ लागायचा की मीच कंटाळून विळी घेऊन बसायची. पण ती शिकली. ज्या वयात बायका नवा पदार्थसुद्धा शिकत नाहीत त्या वयात ती दुसरा हात शिकली. ओट्याच्या उजव्या टोकाला उभं राहिलं तर डावं कोपर ओट्याच्या मधल्या डब्यांच्या फळीला आपटायचं, म्हणून तिनं पाट उचलून डाव्या टोकाला, खिडकीपाशी नेला. पास्कूही तिथंच उभा राहायचा, त्याच अडचणीमुळे.

आज आमच्या वाडीच्या जागी इमारत आहे आणि मी तिच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. मोठी सुरी माझ्याकडे आहे. घासून घासून पातं अर्ध्या रुंदीचं राहिलंय, आणि मी उजव्या हाताची असल्यानं माझे काप वाकडे पडतात. सून एकदा म्हणाली, हिला धारवाल्याकडून नीट करून आणू का. मी नको म्हटलं.

पाट खिडकीपाशी गेल्यानंतरची, त्याच हिवाळ्यातली एक दुपार. आई मांदेलीसाठी कांदा चिरत होती. तोपर्यंत तिचा हात चांगला बसला होता, आवाज एका लयीत खिडकीतून अंगणात येत होता. बा अंगणात पाठमोरा बसून केळीच्या सोपटांच्या दोऱ्या वळत होता. मी त्याच्याशेजारी फुलांच्या परड्या पुसत होते. हातातलं काम न थांबवता, मान न वळवता, तो रोजच्या आवाजात म्हणाला, "पास्कू, पाणी आण रे जरा."

आतला आवाज थांबला. बाच्या हातातली दोरी अर्धी वळलेली तशीच राहिली. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी परडीच्या तळाकडे बघत राहिले. मग आई दारातून बाहेर आली. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. तिनं तांब्या बाच्या पुढे धरला, डाव्या हातानं. त्यानं तो घेतला आणि सगळं पाणी प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत, घाई न करता. ती तोवर उभी राहिली. मग रिकामा तांब्या घेऊन आत गेली, आणि खिडकीपाशी कांदा चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.